कुठलं घुबड?

आपल्या मंडळाच्या ग्रुपवर येणारी डिजिटल चित्रं जरा आठवून बघा. मांजरांच्या खालोखाल घुबडंच! वाकडी फांदी, मागे पूर्ण चंद्र, बशीएवढे पिवळे डोळे आणि डोक्यावर दोन शिंगं. चित्रं सुबक असतात, रंगही छान मिसळलेले असतात. मी दाद देतो आणि मग हळूच विचारतो, "हे कुठलं घुबड?" त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "कुठलं म्हणजे? घुबड म्हणजे घुबड!"

माझं भांडण या उत्तराशी आहे.

आपल्या देशात घुबडांच्या सुमारे तीस जाती आहेत. देवळाच्या किंवा जुन्या वाड्याच्या सांदीत राहणारं गव्हाणी घुबड पांढऱ्या, बदामाच्या आकाराच्या चेहऱ्याचं आणि काळ्या डोळ्यांचं. चिंचेच्या, वडाच्या ढोलीतला पिंगळा मुठीएवढा, अंगभर पांढरे ठिपके, डोळे पिवळे, आणि डोक्यावर शिंगं अजिबात नाहीत. दगडी कड्यांवरचं मोठं शृंगी घुबड नारिंगी डोळ्यांचं. त्याच्या डोक्यावर दिसतात ती ना शिंगं ना कान, नुसते पिसांचे झुबके. खरे कान चेहऱ्याच्या कडेला पिसांखाली झाकलेले असतात. म्हणजे पिवळ्या डोळ्यांचं, पांढऱ्या चेहऱ्याचं, शिंगवालं 'गव्हाणी घुबड' आपण काढतो, तेव्हा तीन पक्ष्यांचं कडबोळं करतो.

"मग काय बिघडलं? चित्र आहे ते, प्राणिशास्त्राचं जर्नल नव्हे," असं एक मैत्रीण मला म्हणाली. तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. कल्पनेला मुभा हवीच. घुबडाला चष्मा घाला, हातात पुस्तक द्या, निळं रंगवा, माझी हरकत नाही. पण निळं करायचं हे तुम्ही ठरवलेलं असावं. न बघता काढलेलं चित्र म्हणजे कल्पना नव्हे, ती सवय. आणि घुबडाच्या बाबतीत आपल्या सवयी फार वाईट आहेत.

मराठीत कुणाला 'घुबडतोंड्या' म्हटलं की भांडण लागतं. आमच्या बेळगावात कानडीत 'गूबे' म्हटलं तरी तेच, हिंदीतला 'उल्लू' तर मूर्खच. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड नेऊन घासत बसतं, आणि दगड झिजतो तसा मारणारा झिजतो, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी आजीकडून ऐकलेलं असेल. एका परीने बरंच, निदान दगड तरी पडत नव्हते! पण भीतीची दुसरी बाजू भयंकर आहे. दिवाळीच्या सुमारास मंत्रतंत्रासाठी घुबडं पकडून विकली जातात, मारली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे, तरी ते चालतं. ज्या लक्ष्मीचं वाहन म्हणून घुबड ओळखलं जातं, तिच्याच पूजेच्या दिवसांत! भुताच्या गोष्टीला घुबड, अमावास्येच्या पोस्टरला घुबड, हे आपण विचार न करता काढत राहतो, तेव्हा त्या भीतीला आपणही थोडं खतपाणी घालतो. उलट बाजूला खेळण्यासारखं गोंडस घुबड रंगवलं, की ते पाळावंसं वाटणारेही निघतात.

चुकीची ओळख किती महाग पडते, याचं उदाहरण आपल्या सातपुड्यातलंच आहे. रानपिंगळ्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८७३ चं. १८८४ नंतर तो पुन्हा सापडेना. पुढे मायनर्टझागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मिळवलेला म्हणून एक नमुना दाखवला. तो खोटा होता. संग्रहालयातला जुनाच नमुना चोरून, पुन्हा भरून, त्यावर नवी चिठ्ठी लावलेली! त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून शोधणारे भलत्याच जागी फिरले. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीला आणली, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षांनी! गंमत म्हणजे हा पक्षी दिवसाउजेडी शिकार करतो. त्याच्यामागे चंद्र काढला तर चित्रही खोट्या चिठ्ठीसारखंच.

आता अवजारांबद्दल. क्रिटासारखं सॉफ्टवेअर फुकट आहे, मोबाईलवरही बोटाने चित्र काढता येतं. पण याच सोयी आपल्याला आळशी करतात. मिरर लावला की अर्धा चेहरा काढून पुरा होतो, आणि घुबड मुखवट्यासारखं दिसतं. घुबडाला डोळे खोबणीत फिरवता येत नाहीत, म्हणून ते अख्खी मान वळवतं. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली तरी मिरर बंद करावासा वाटतो. पिसांचा तयार ब्रश एकदा फिरवला की काम झालं, पण घुबडाच्या पंखाच्या कडेला झालरीसारखी मऊ किनार असते, तिच्यामुळेच ते आवाज न करता उडतं. ती किनार तयार ब्रशमध्ये नसते, ती बघून काढावी लागते. आता तर एक ओळ टाईप केली की चित्र हजर. ते चित्र तरी कशातून बनतं? आपण सगळ्यांनी आधी काढून ठेवलेल्या त्याच त्या घुबडांतून.

पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात २०१८ साली इला फाउंडेशनने उलूक महोत्सव भरवला. घुबडांची ओळख लोकांना चित्रं आणि कलावस्तूंमधूनही करून दिली. चित्रातून भीती पसरते, तशी ती चित्रातूनच उतरवताही येते, हे त्यामागचं साधं गणित मला पटतं.

म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. पुढच्या अंकासाठी घुबडाचं चित्र द्याल, तेव्हा खाली आपल्या नावाआधी त्याचं नाव लिहा: पिंगळा, गव्हाणी घुबड, हुमा, जे असेल ते. काल्पनिक असेल तर 'काल्पनिक' लिहा, त्यात कमीपणा नाही. नाव लिहायचं म्हटलं की आपोआप बघावं लागेल. आणि बघायला लांब जायला नको. संध्याकाळी दिवेलागणीला जुन्या झाडाखाली पाच मिनिटं गप्प उभे राहा. पिंगळे भांडकुदळ असतात, ते स्वतःच आवाज देतील.