अर्जदार, वर आणि उमेदवार

चाकणच्या एका गोदामात स्टोअर असिस्टंटची जागा निघाली होती. त्या जागेसाठी केलेला रेझ्युमे दाखवायला परवा एक मुलगा घरी आला. वय सत्तावीस, गाव परभणीकडचं. बी.कॉम. झाल्यावर चार वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत एमपीएससी. रेझ्युमे झेरॉक्सच्या दुकानात पन्नास रुपयांत करून घेतलेला. कोपऱ्यात फोटो, मग नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, ‘अविवाहित’, छंद : वाचन, क्रिकेट, संगीत ऐकणे. तळाशी ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ आणि सहीसाठी ठिपके.

“अरे, रास आणि गोत्र राहिलं की,” मी म्हटलं. तो हसला. दुकानदाराला तरी काय बोलायचं? त्याच्या कॉम्प्युटरवर ‘बायोडाटा’ नावाची एकच फाइल असते. लग्नसराईत तिच्यात उंची, वर्ण आणि मामाचं गाव भरायचं, एरवी टक्केवारी.

सोबतचं पत्र तर मी न वाचताच म्हणून दाखवलं असतं. विषय : नोकरी मिळणेबाबत. महोदय, मी एक गरीब व होतकरू तरुण असून घरची परिस्थिती हलाखीची आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती. आपल्याकडे स्वतःविषयी कागदावर लिहायची वेळ येते ती लग्न जमवताना किंवा तहसील कचेरीत काही मागताना. एका ठिकाणी घराणं सांगायचं, दुसऱ्या ठिकाणी गरज. तू करतोस काय, हे दोन्हीकडे कुणी फारसं विचारत नाही. गोदामाच्या मॅनेजरला मात्र तेवढंच हवं असतं.

म्हणून मीच विचारलं, “चार वर्षांत काय केलंस?”

“काही नाही सर, अभ्यास.”

हे ‘काही नाही’ या मुलांच्या तोंडी इतकं बसलंय की ते उकरून काढायला मला दोन चहा लागले. पूर्वपरीक्षा दोनदा पास. तिसऱ्या वर्षी घरून पैसे येणं थांबलं, तेव्हा ज्या अभ्यासिकेत बसायचा तिथेच मालकानं त्याला ठेवून घेतलं. १२० खुर्च्या, पहाटे पाचला कुलूप उघडायचं, महिन्याची फी गोळा करायची, कुणाची थकली ते वहीत मांडायचं. ती वही त्यानं आपणहून एक्सेलवर नेली, कारण एकाच खुर्चीचे दोन दावेदार निघून रोज भांडणं व्हायची. नंतर ती थांबली. मुलं सोडून गेली की राहिलेली पुस्तकं आणि लॉकरच्या किल्ल्या यांचा हिशेबही त्याच्याकडेच.

आता स्टोअर असिस्टंट म्हणजे दुसरं काय असतं? आवक, जावक, शिल्लक, आणि कोण काय घेऊन गेलं याची नोंद. यातलं एक अक्षर रेझ्युमेत नव्हतं. २०२१ ते २०२५ ही जागा कोरी होती. कागद चाळणाऱ्याला अशी कोरी जागाच आधी दिसते, आणि ती तो मनाला येईल तशी भरतो.

“हे लिहिलं तर फुशारकी वाटेल ना सर?” तो म्हणाला. यात मी त्याला दोष देणार नाही. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगितली आहेत, त्यांत स्वतःची स्तुती करणारा आहे. पण त्याच ओवीत वडिलांची कीर्ती सांगणाराही आहे. आपण समर्थांचं निम्मंच ऐकलं. ‘१२० जागांची नोंद ठेवली’ ही स्तुती कशी होईल? ती मोजदाद आहे. ‘मी अत्यंत मेहनती व प्रामाणिक आहे’ ही स्तुती, आणि ते वाक्य त्यानं बिनदिक्कत घातलं होतं.

ते काढलं. ‘स्पर्धा परीक्षेची तयारी, पूर्वपरीक्षा दोनदा उत्तीर्ण’ असं चार वर्षांच्या कोऱ्या जागेत सरळ लिहिलं, खाली अभ्यासिकेच्या तीन ओळी. ‘मराठी ९० टक्के, इंग्रजी ६० टक्के’ अशा रंगीत पट्ट्या होत्या, त्याही गेल्या. (परभणीच्या मुलाचं उरलेलं दहा टक्के मराठी कुठे गेलं, हे मला अजून कळलेलं नाही.) दोन रकान्यांची नक्षी काढून सगळं एकाखाली एक घेतलं, कारण मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि रकाने दिसले की कधीकधी इकडची ओळ तिकडे चिकटवतं. पत्र सहा ओळींचं झालं : कुठली जागा, त्या प्रकारचं काम आधी कुठे केलं, कधीपासून येऊ शकतो. हलाखी काढताना तो जरा घुटमळला. ती खोटी नव्हती. पण तिच्यापायी त्यानं जे काम केलं ते आता कागदावर आलं होतं.

राहिला धर्म-जातीचा रकाना. सरकारी भरतीत आरक्षणासाठी प्रवर्ग सांगावा लागतो, त्या सवयीनं तो इथेही येतो. खासगी कंपनीनं तो मागितलेला नसतो, आणि दिल्यावर त्याचं काय होतं याचा अंदाज आपल्याला आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. तुलनेतल्या अर्जांत शिक्षण आणि अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निष्कर्ष आले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. ‘आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो’ असं सांगणाऱ्या मनुष्यबळ विभागांनी हे आकडे भिंतीवर लावायला हरकत नाही. रेझ्युमे कसा लिहावा यावर शिबिरं पुष्कळ होतात, तो कसा वाचावा यावर एखादंही झालेलं मी पाहिलं नाही.

मी हे सांगत असताना मुलगा कागदाकडे पाहत होता. मग त्यानं पेन घेऊन तो रकाना स्वतःच खोडला.

“आणि आडनाव, सर?”

बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. शेवटी आडनाव त्यानं ठेवलं, आधीपेक्षा एक पॉइंट मोठ्या अक्षरात. फाइलला ‘बायोडाटा फायनल न्यू २’ ऐवजी त्याचं पूर्ण नाव दिलं, आणि रात्री साडेनऊला ती चाकणला गेली.