नीट जेव म्हणजे झालं?

परवा आसगावला गेलो होतो. धानाचं गाव, पण चुलतभावाच्या ताटातला भात तसाच. महिनाभर गप्पच आहे. मोठी आई म्हणाली, "पोटभर जेव ना बाबू, सगळं ठीक होते."

मंडळी, माझं भांडण इथेच आहे. भूक मरणं हे नैराश्याचं लक्षण. आपण त्यालाच कारण ठरवून मोकळे होतो!

आहाराने फरक पडतो, मान्य. ऑस्ट्रेलियातल्या ६७ जणांवरचा १२ आठवड्यांचा प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. आहार सुधारलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश सावरले. पण त्या ६७ पैकी बहुतेकांचे उपचार आधीपासून चालू होते!

म्हणजे वरणभात हवाच, डॉक्टरही हवा. 'टेली मानस'चा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. नातेवाईकांनो, ताट वाढा, फोनही लावून द्या. उपदेश तेवढा आवरा.