दिवा शहरात, राख गावात

हुसेनसागराच्या काठी आज जेथे एन. टी. आर. उद्यान आहे, तेथे एके काळी कोळशावर चालणारे विद्युत्केंद्र होते, हे आपल्यापैकी किती विद्यार्थ्यांस ठाऊक असेल? निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकीर्दीत, १९२० साली, ते उभे राहिले आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मोडण्यात आले. त्याच्या विजेवर ज्यांचे दिवे लागत, त्यांनाच त्याचे धुरांडेही दिसत असे.

आता तसे राहिले नाही. आपल्याला वीज पुरविणारे गोदावरीकाठचे रामगुंडम येथून सुमारे सव्वादोनशे किलोमीटर दूर. तेथील राष्ट्रीय औष्णिक केंद्र २६०० मेगावॅटचे. आपल्या देशी कोळशात राख फार. शंभर टन जाळला की तीस-चाळीस टन राख उरते. काही सिमेंटात व विटांत जाते. पुष्कळशी पाण्यात कालवून तळ्यांत साठवितात. उन्हाळ्यात तळे सुकले की ती वाऱ्यावर उडते, आणि पावसाळ्यात बांधाचे भय. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळा येथील बांध फुटून राखेचा चिखल शेतांत व नदीत शिरला.

माझ्या कोंकणी बोलीत राखेला ‘गोबर’ म्हणतात. ते ऐकून वर्गात हशा पिकतो. पण चुलीतला तो गोबर भांडी घासावयास आणि माडाच्या आळ्यात घालावयास उपयोगी पडे. ही राख तशी नव्हे. तीत आर्सेनिक, पारा यांचे अंश असतात.

धुराची कथाही अशीच. गंधकाच्या वायूवर मर्यादा घालणारा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला, मुदती वाढत गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना तो वायू रोखणारी यंत्रे बसविण्यापासून सूट मिळाली. दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरांच्या आतील केंद्रांना मात्र ती नाही. फुप्फुसांचे मोल शहरापासूनच्या अंतरावर ठरावयाचे काय?

आपल्या कोळशात गंधक थोडे आणि यंत्रांनी वीज महागेल, असे सांगतात. गंधक थोडे हे खरे. परंतु जळणारा कोळसा थोडा नाही. आणि महागाई सोसावयाचीच, तर राख झेलणाऱ्या गावाऐवजी दिवे लावणाऱ्या शहराने ती सोसावी. गरिबाघरच्या पहिल्या काही युनिटांवर तिचा भार पडू नये, एवढे मात्र सरकारने पाहावे.