प्रवाळ म्हणजे खडक नव्हे

सिंधुदुर्ग किल्ला पाहण्यास मालवणला जाणारा प्रवासी पूर्वी तटबंदी आणि शिवरायांच्या हातापायांचे ठसे पाहून परतत असे. आता तो डोळ्यांवर काच व तोंडात नळी धरून किल्ल्यालगतच्या उथळ पाण्यातही उतरतो. काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे, फुलपाखरी मासे, समुद्रफुलांचे डुलणारे झुबके पाहून तो हरखतो. आणि दमला की शेजारच्या गोलसर खडकावर पाय टेकतो. तो खडक नसतो, ते प्रवाळ असते.

प्रवाळ हा असंख्य सूक्ष्म प्राण्यांचा समुदाय होय. त्यांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पोसतात. पाणी प्रमाणाबाहेर तापले की हे साहचर्य तुटते आणि प्रवाळ पांढरे पडते. १९९८ व २०१६ साली जगातील अनेक समुद्रांत हेच घडले. अशा गोलसर प्रवाळाची वाढ वर्षाकाठी जेमतेम एखादा सेंटिमीटर. ती मोडण्यास होडीच्या नांगराचा एक फटका पुरतो. माशांना पाव चारणेही निरुपद्रवी नव्हे. आयत्या खाण्याला चटावलेले मासे प्रवाळावरील शेवाळ खाईनासे झाले, तर ते शेवाळ प्रवाळालाच झाकून टाकते.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. २००१ साली प्रवाळाला वन्यजीव कायद्याचे संरक्षणही लाभले. तथापि घोषणा म्हणजे रक्षण नव्हे. जाळ्यावर बंदी येईल या धास्तीने मच्छीमारांनी अभयारण्यास विरोध केला, आणि ज्याचे पोट समुद्रावर आहे त्याची धास्ती अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र आज त्याच वस्त्यांतील कित्येक तरुण पर्यटकांना समुद्रतळ दाखवून चार पैसे मिळवतात. प्रवाळ मेले तर हा धंदाही बुडेल.

हवाई बेटांतील हनाउमा उपसागरात पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकास माहितीपट पाहावा लागतो. आठवड्यातील ठराविक दिवशी उपसागर बंद असतो. मालवणला तेवढे तरी अशक्य नाही. होड्या बांधण्यास कायमचे बोये, पाव चारण्यास मज्जाव, एका वेळी उतरणाऱ्यांच्या संख्येला मर्यादा, आणि या साऱ्याच्या देखरेखीत मच्छीमारांना मानाचे स्थान, इतके केले तरी पुष्कळ साधेल. मच्छीमारांना शत्रू मानून समुद्र राखता येणार नाही, आणि समुद्र न राखता त्यांचे पोटही भरणार नाही.