अंधारातलं वळण

जहाजाला ब्रेक नसतो, हे ठाऊक आहे ना दोस्तांनो? सायकलचा ब्रेक दाबला की चाक थांबतं. जहाजाचं इंजिन बंद करा, पाण्याखालचा पंखा उलटा फिरवा, तरी ते पुढे जातच राहतं. त्यातून जहाज वीस हजार टनांचं असेल, तर विचारूच नका! आजची हकिगत वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

ऑस्ट्रेलियाच्या नौदलात ‘मेलबर्न’ नावाचं विमानवाहू जहाज होतं. आपल्या पहिल्या ‘विक्रांत’चं हे भावंडच म्हणा ना, कारण दोन्ही ब्रिटनमध्ये बांधलेली आणि एकाच जातीची. विक्रांत २००१ ते २०१२ या काळात मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना बघायला मिळायची. आई-बाबांनी ती पाहिली असेल, तर तिच्या डेकवर उभं राहिल्यावर कसं वाटायचं ते जरूर विचारा. म्हणजे मेलबर्न केवढी होती, याचा अंदाज येईल.

तारीख १० फेब्रुवारी १९६४. सिडनीच्या दक्षिणेला जर्व्हिस बे नावाचा उपसागर आहे. त्याच्या बाहेर, खोल समुद्रात, मेलबर्नवरून विमानं उडवण्या-उतरवण्याचा रात्रीचा सराव चालला होता. सोबतीला ‘व्हॉयेजर’ ही विनाशिका होती. तिच्याकडे काम कोणतं, माहीत आहे? एखादं विमान समुद्रात पडलंच, तर वैमानिकाला पाण्यातून उचलायचं! म्हणजे वाचवणाऱ्याचं काम. त्यासाठी तिने मेलबर्नच्या मागे, डाव्या अंगाला, बेताचं अंतर राखून चालायचं असतं.

विमान उतरताना वारा समोरून हवा, म्हणून मेलबर्न सारखी दिशा बदलत होती. या वळणावळणांत व्हॉयेजर मागे राहण्याऐवजी मेलबर्नच्या पुढे, उजव्या हाताला आली. ‘आपल्या जागेवर जा,’ असा हुकूम सुटला. सरळ मार्ग म्हणजे उजवीकडे वळून, लांबून फेरी मारून मागे जायचं. व्हॉयेजर उजवीकडे वळलीही. मेलबर्नवरचे अधिकारी निर्धास्त झाले. आणि मग ती एकाएकी डावीकडे वळू लागली. थेट मेलबर्नच्या तोंडासमोर!

दोन्ही जहाजांचा वेग होता २० नॉटच्या आसपास. म्हणजे दर सेकंदाला दहा मीटर. मेलबर्नचे कॅप्टन रॉबर्टसन यांनी इंजिनं उलटी फिरवायला सांगितली, पण सुरुवातीला सांगितलं तेच खरं... ब्रेक नसतो. आठ वाजून छप्पन्न मिनिटांनी मेलबर्नचं नाक व्हॉयेजरच्या मध्यावर घुसलं. विनाशिकेचे दोन तुकडे झाले आणि मेलबर्नच्या दोन अंगांनी दोन तुकडे मागे गेले.

पुढच्या तुकड्यात जेवणघर होतं. तिथे त्या वेळी खलाशी तंबोला खेळत होते. हो, तोच तंबोला, जो आपण सुट्टीत सगळे जमलो की खेळतो! आकडे पुकारले जात असताना जमीन कलंडली, दिवे गेले आणि पाणी आत आलं. पन्नासहून अधिक माणसं अंधारात अडकली. बाहेर पडायला एक लहानसं संकटकालीन झाकण होतं, तेही घट्ट बसलेलं.

तिथे जोनाथन रॉजर्स नावाचे एक वडीलधारे चीफ पेटी ऑफिसर होते. वय ४३. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी छोट्या लढाऊ नौकांवर काम करून शौर्यपदक मिळवलं होतं. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर सगळ्यांना शांत केलं. नंतर पोरांना एकेक करून त्या झाकणाकडे पाठवायला लागले. रॉजर्स स्वतः अंगाने धिप्पाड. त्या भोकातून आपण मावणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. तरुण पोरांना आधी बाहेर काढा, असं त्यांनी सोबत्याला सांगितलं. बाहेर पडलेल्यांच्या कानांवर शेवटी जे आलं, ते असं: आत राहिलेल्यांना घेऊन रॉजर्स प्रार्थना म्हणत होते. टक्कर झाल्यापासून दहा मिनिटांच्या आत तो तुकडा बुडाला. मागचा तुकडा मध्यरात्र उलटेपर्यंत तरंगत राहिला.

जहाजावर ३१४ माणसं होती. ८२ गेली. रॉजर्सना पुढच्या वर्षी मरणोत्तर ‘जॉर्ज क्रॉस’ मिळाला. हा किस्सा आपल्यापर्यंत आला तो त्या झाकणातून बाहेर पडलेल्यांनी सांगितला म्हणून, बरं का.

आता तुम्ही विचाराल, व्हॉयेजर डावीकडे वळलीच का? इथेच तर खरी गोम आहे. वळायचा हुकूम देणारे कॅप्टन स्टीव्हन्स आणि त्यांच्याबरोबर ब्रिजवर उभे असलेले अधिकारी त्या रात्रीच गेले. वाचलेले बहुतेक जण जहाजाच्या पोटात होते. काय झालं ते ते सांगू शकत होते. का झालं, ते कसं सांगणार? बिनतारी संदेशातले आकडे चुकीचे ऐकू आले का? आपण मेलबर्नच्या कुठल्या बाजूला आहोत, याचाच घोळ झाला का? तर्क पुष्कळ झाले. या एका अपघातावर एक नव्हे, दोन चौकशी आयोग बसले, पण खात्रीचं उत्तर हाती लागलं नाही. पहिल्या आयोगाने कॅप्टन रॉबर्टसननाही बोल लावला. त्यांना जहाजावरून काढून किनाऱ्यावरच्या कामाला लावलं आणि त्यांनी राजीनामा दिला. १९६८ साली दुसऱ्या आयोगाने त्यांना निर्दोष ठरवलं खरं, पण तोवर त्यांची नौदलातली कारकीर्द संपली होती. वाचलेल्या खलाशांपैकी कित्येकांची त्या रात्रीने पुढेही पाठ सोडली नाही. भरपाईसाठीचे त्यांचे खटले वर्षानुवर्षं चालले.

आणि ऐका, गोष्ट इथे संपत नाही. ३ जून १९६९. दक्षिण चिनी समुद्र, पहाटेचे सव्वातीन. जहाज तेच, मेलबर्न! या वेळी सोबतीला अमेरिकन विनाशिका ‘फ्रँक ई. इव्हान्स’. मेलबर्नचे नवे कॅप्टन स्टीव्हन्सन फार सावध गृहस्थ होते. सरावाआधी त्यांनी सोबतच्या जहाजांच्या कॅप्टनांना जेवायला बोलावून व्हॉयेजरची हकिगत मुद्दाम सांगितली होती. त्या पहाटे इव्हान्सला मागच्या जागेवर जायला सांगितलं, तेव्हा मेलबर्नचे दिवेही पूर्ण प्रखर केले होते.

तरीही इव्हान्स पुढून आडवी येऊ लागली. तिचे कॅप्टन झोपले होते. ब्रिजवर दोन तरुण अधिकारी. मेलबर्नने धोक्याचा संदेश पाठवला. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच बाजूला सरकतात आणि आपटतात, पाहिलंय ना? तस्सं झालं. मेलबर्न टाळायला वळली, त्याच क्षणी इव्हान्सही वळली, ती नेमकी तिच्या वाटेत. पुन्हा दोन तुकडे. पुढचा भाग काही मिनिटांतच तळाला गेला. मागचा तुकडा मात्र मेलबर्नच्या खलाशांनी दोरखंडांनी आपल्या जहाजाला बांधून धरला आणि त्यावरची माणसं वर ओढून घेतली. ७४ अमेरिकन खलाशी गेले. त्यांत नेब्रास्कातल्या एका लहान गावचे तीन सख्खे भाऊ होते. एकाच घरातले तिघे!

कॅप्टन स्टीव्हन्सनवर लष्करी खटला चालला. ते निर्दोष सुटले, पण मन विटून त्यांनीही नौदल सोडलं. ऑस्ट्रेलियाच्या संरक्षणमंत्र्यांनी त्यांची माफी मागितली ती २०१२ साली. तेव्हा ते नव्वदी ओलांडलेले आजोबा झाले होते.

मेलबर्न १९८५ साली भंगारात विकली गेली. इव्हान्सचे खलाशी मात्र एक मागणी घेऊन कित्येक वर्षं सरकारदरबारी खेटे घालत आले. व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांची नावं वॉशिंग्टनमध्ये काळ्या दगडाच्या भिंतीवर कोरलेली आहेत. इव्हान्स व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळून तोफा डागून आली होती आणि तिकडेच परत जाणार होती. पण टक्कर झाली ती जागा युद्धक्षेत्राच्या रेषेबाहेर पडते, म्हणून ती ७४ नावं भिंतीवर घेतली नाहीत. त्यांच्या दोस्तांचं म्हणणं एवढंच, की ती नावं तिथे कोरा.