हळदीकुंकवाची यादी

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या टिळकवाडीत रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू असतंच. यंदा रविवारी माझ्याकडे होतं. आदल्या आठवड्यात गेल्या वर्षीची यादी समोर ठेवून नवी लिहायला बसले. शेजारच्या वहिनींचं नाव आलं. पुढे नेहमीसारखं ‘आणि मुलगी’ लिहिणार, तोच पेन थांबलं. ती दोन वर्षांपूर्वी माहेरी परत आली. दिवाळीच्या सुमारास कोर्टाचा निकालही झाला. मी खालचं नाव लिहायला घेतलं.

मी समाजशास्त्र शिकवते. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूद त्यात १९७६ साली आली, सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानात तर १९३१ सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला होता, हे सगळं मी दरवर्षी वर्गात सांगते. मुली वहीत उतरवून घेतात.

सासूबाईंनी चष्मा लावून यादी वाचली. “शेजारची पोरगी राहिली की गं.”

“तिलाच अवघडल्यासारखं होईल, म्हणून...”

“तिला, का तुला?”

मला उत्तर सुचलं नाही. एखादीला टाळायचं असलं, की कारण आपण तिच्याच सोयीचं काढतो.

सासूबाई खानापूरकडच्या. त्यांच्या शेतात लावणीला येणाऱ्या एका बाईचं नवऱ्याशी पटेना. पंचांसमोर काडीमोड झाली, पुढच्या साली तिनं पाट लावला आणि गावच्या लग्नांत गाणी म्हणायला पुन्हा पुढे बसली. सासूबाईंची सख्खी आत्या मात्र लग्नानंतर वर्षभरात परत आली, ती जन्मभर स्वयंपाकघरातच राहिली. घटस्फोट हा शब्द कुणी उच्चारला नाही. पाहुण्यांना सांगायचं, तिची तब्येत बरी नसते. “आमचं घर मोठं ना!” सासूबाई म्हणाल्या.

गाव एकच, देवही तेच. रूढीनं होणारी काडीमोड १९५५ च्या कायद्यानंही अमान्य केली नाही. मग ‘आपल्या धर्मात हे बसत नाही’ असं म्हणताना आपण नक्की कुणाचा धर्म सांगत असतो? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नवराबायको दोघांनाही एकमेकांचा द्वेष वाटत असेल तर मोकळं होण्याची वाट आहे. धर्मविवाहांना ती सवलत नाही, हेही तिथंच लिहिलंय. सोयीचं तेवढंच सांगणं बरं नव्हे. पण ग्रंथ उघडून हळदीकुंकवाची यादी कोण करतं? आपण शेजारणीचा चेहरा बघून करतो.

बोलावणं करायला मी स्वतः गेले. वहिनी दारातच म्हणाल्या, “मी येईन हो. तिला ऑफिसातून उशीर होतो.” रविवारी कसलं ऑफिस! आतून आवाज आला, “काकू, किती वाजता?”

ती आली. निळी साडी, कपाळावर स्वतःची टिकली. माझ्या हातात करंडा होता. दोघी-तिघींचं बोलणं एकदम थांबलं. मी कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाणाची वाटी दिली. आमच्या गल्लीतल्या कन्नड काकूंनी तिला नोकरीचं विचारलं आणि बोलणी पुन्हा सुरू झाली. खोटं कशाला सांगू, माझा हात किंचित थरथरला होता.

तिनं इकडेतिकडे पाहिलं. “आजी कुठायत?”

आजी आतल्या खोलीत होत्या. मामंजी जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून या दिवशी त्या आतच बसतात, तिळगूळ त्यांना मागाहून मिळतो. मी तर याच घरात राहते. त्यांचं नाव यादीत घ्यावं, हे अकरा वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं.

“बसल्यात आत,” मी म्हटलं.

ती उठून आत गेली. थोडा वेळ दोघींचं हसणं ऐकू आलं. मग एका हातानं खुर्ची ओढत आणि दुसऱ्या हातानं सासूबाईंना धरून ती बाहेर आली. कन्नड काकूंनी सरकून जागा केली.