घड्याळाचा लंबक

घरच्या लंबकाच्या घड्याळात वेळ राखते कोण, असे विचारा, बहुतेक मंडळी म्हणतील, "स्प्रिंग!" स्प्रिंग बिचारी नुसती ढकलते. तिला मोकळी सोडली तर आठवड्याची किल्ली पाहता पाहता उलगडून जाईल. तिला आवरतो लंबक. एकेका झोक्यागणिक नांगराच्या आकाराचा एक तुकडा दातेरी चक्राला मोजकेच पुढे जाऊ देतो, आणि जाता जाता चक्र लंबकाला हलकीशी टिचकी देते. टिक्-टिक् ती हीच.

झोका लहान असला, की तो थोडा कमीजास्त झाला तरी त्याला लागणारा वेळ जवळजवळ तोच. गोळा जड की हलका, याचेही काही नाही. सारा हिशेब लांबीचा. हायगेन्स या डच पंडिताने १६५६ साली याच गुणावर घड्याळ बांधले. सुमारे २५ सेंटिमीटरचा लंबक एका सेकंदात जाऊन परत येतो; तो एक मिलिमीटर लांबला, तर दिवसाकाठी घड्याळ जवळजवळ ३ मिनिटे मागे! मुंबईचे घड्याळ पुण्यास आणले तरी ते रोज काही सेकंद मागे पडेल, कारण इथल्या उंचीवर पृथ्वीची ओढ किंचित कमी. (मुंबईकरांना हे सांगू नये.)

बुधवार पेठेत तांबड्या जोगेश्वरीजवळचा आमच्या ओळखीच्या काकूंचा वाडा पाडला, तेव्हा त्यांचे घड्याळ कोथरूडच्या फ्लॅटमध्ये गेले आणि दर पाच मिनिटांनी थांबू लागले.

"काकू, आत बॅटरीचे यंत्र बसवू," पुतण्या म्हणाला.

"आणि लंबक?"

"हलेल की, शोभेला."

"ह्यांनी चाळीस वर्षे किल्ली दिली, ती शोभेला होय रे?"

मला बोलावणे आले. मी कान लावला. ठोके सारखे नव्हते. एक लांब, एक आखूड, लंगड्या माणसाच्या चालीसारखे. वाड्याच्या भिंतीवर घड्याळ जरासे कलते असे, आणि पूर्वीच्या घड्याळजीने आतली तार त्या कलाला जुळवून वाकवली असावी. सुताराने ते इथे ओळंब्यात टांगले. डोळ्याला सरळ, घड्याळाला वाकडे. पेटी बोटभर डावीकडे सरकवली, ठोके सारखे झाले, घड्याळ चालू लागले.

आता ते रोज मिनिटभर मागे पडते. गोळ्याखालची चकती थोडी फिरवली, की गोळा वर चढतो आणि लंबक आखूड होतो. काकू रेडिओच्या बातम्यांशी ताडून हे काम स्वतः करतात. पुतण्याला चकतीला हात लावू देत नाहीत.